मधले तीन तास

२७ एप्रिल १९५९ ची दुपार. मुंबईच्या मेट्रो थिएटरात सिल्व्हिया नानावटी मुलांना घेऊन सिनेमा बघत बसली होती. तिला तिथं गाडीतून सोडून 'सहाला न्यायला येतो' असं सांगून गेलेला तिचा नवरा, नौदलातला कमांडर कावस नानावटी, थेट आपल्या 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवर गेला. खोटं कारण सांगून त्याने रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. मग सिल्व्हियाचे ज्याच्याशी प्रेमसंबंध होते त्या प्रेम आहुजाच्या ऑफिसात गेला. तो तिथं नाही म्हटल्यावर मलबार हिलवरच्या 'जीवनज्योत' इमारतीतल्या त्याच्या घरी गेला, बेडरूममध्ये शिरला आणि दार लावून घेतलं. तीन गोळ्या झाडल्या गेल्या. आहुजा मेला आणि नानावटी आपल्या पायांनी पोलिसांकडे हजर झाला. हे घडलं तेव्हा ज्या बाईवरून घडलं ती सिनेमाच्या अंधारात बसलेली होती, आणि पुढची साठ वर्षं सिनेमाने तिला सोडलं नाही. १९६३ साली 'ये रास्ते हैं प्यार के' आला, १९७३ साली गुलजारांचा 'अचानक', २०१६ साली अक्षय कुमारचा 'रुस्तम' आणि २०१९ मध्ये वेबमालिका. मराठी रंगभूमीने मधुसूदन कालेलकरांचं 'अपराध मीच केला' पाहिलं, तेही याच खटल्यावरून सुचलेलं.

विस्कटलेल्या लग्नाचा शेवट रक्तात झाला की त्यावर नाटक-सिनेमा होणारच. त्याला माझी हरकत नाही. खून हा रंगभूमीचा फार जुना विषय आहे. हरकत आहे ती दोष वाटण्याच्या पद्धतीला. दिग्दर्शक म्हणतात, आम्ही कुणाची बाजू घेतलेली नाही, जे झालं ते दाखवलं. मला हे पटत नाही. बाजू संवादांत घेतली जात नाही, ती पहिल्या दृश्यातच घेतलेली असते. गोष्ट कोणत्या दिवशी सुरू करायची आणि मधला कोणता वेळ गाळायचा, एवढं ठरलं की दोषी कोण हे ठरून जातं. उरलेले दोन तास त्याचा पाठपुरावा चालतो.

नानावटी प्रकरणात हे अगदी घड्याळ लावून तपासता येतं. दुपारच्या जेवणानंतर सिल्व्हियाने नवऱ्याला आहुजाबद्दल सांगितलं. दीडच्या सुमाराला तो घरातून निघाला. गोळ्या सुटल्या त्या सुमारे चार वाजून वीस मिनिटांनी. बचावाचा पर्यायी मुद्दा होता गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा. हा मुद्दा मान्य झाला असता तर खुनाचा सदोष मनुष्यवध झाला असता. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात तो फेटाळला आणि त्याचा आधार होता हाच मधला वेळ. ज्या माणसाने बायकामुलांना थिएटरवर सोडलं, बोटीवर जाऊन हत्यार मिळवलं, त्याचं कारण रचून सांगितलं, ऑफिसात चौकशी केली आणि मग घर गाठलं, तो भानावर आलेला होता. प्रक्षोभाला थंड व्हायला जवळजवळ तीन तास मिळाले होते. गुलजारांच्या सिनेमाचं नाव 'अचानक' आहे. न्यायालयाने नेमका तोच शब्द नाकारलेला होता, हे जाता जाता सांगतो.

आता हेच तीन तास पडद्यावर काय होतात बघा. कबुली, पिळवटलेला चेहरा, वेगात जाणारी गाडी, वाढत जाणारं संगीत, गोळी. प्रेक्षकाच्या घड्याळात पाच मिनिटं. या पाच मिनिटांत आपल्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, मग नायकाला मिळाला असेल असं कसं वाटावं? बोटीवरचं ते खोटं कारण, ऑफिसातली चौकशी, हे सगळं एकतर गळतं किंवा हिमतीचं लक्षण म्हणून येतं. कोर्टात सरकारी पक्षाची सगळी भिस्त ज्या वेळावर होती, तो वेळ संकलनाच्या टेबलावर कापला जातो. त्यानंतर पडद्यावर कितीही निष्पक्ष युक्तिवाद होवोत, खटला तिथेच निकालात निघालेला असतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसली गेली आहे. नानावटीने कोर्टात 'मी अब्रूसाठी मारलं' असं सांगितलेलंच नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की झटापट झाली आणि त्या झटापटीत गोळ्या सुटल्या, म्हणजे अपघात. या झटापटीच्या कहाणीला एका टॉवेलने छेद दिला. आहुजा नुकताच आंघोळ करून बाहेर आला होता, कमरेला फक्त टॉवेल गुंडाळलेला. प्रेत सापडलं तेव्हा टॉवेल अंगावर जिथल्या तिथं होता. सुटलेला नाही, सरकलेला नाही. दोन धडधाकट पुरुष रिव्हॉल्व्हरसाठी झोंबतात आणि कमरेचा टॉवेल ढळत नाही, हे कसं? सरकारी पक्षाचा हा साधा, घरगुती प्रश्न कुठल्याही सुरस संवादापेक्षा जड होता. मुंबईकरांनी त्याचं काय केलं? फेरीवाले रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातलं 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकायला लागले. पुराव्याचं बाजारात खेळणं झालं. खटल्याचं पहिलं नाट्यरूपांतर हेच, असं मी मानतो. पहिला सिनेमा येण्याच्या चार वर्षं आधी ते फुटपाथवर झालं होतं आणि त्यात भूमिका वाटून झाल्या होत्या: एकाच्या हातात रिव्हॉल्व्हर, दुसऱ्याच्या कमरेला टॉवेल. मर्द कोण आणि लंपट कोण, हे सांगायला संवाद लागलेच नाहीत.

रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने उरलेलं काम केलं. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जात होता. पारशी समाज कमांडरच्या मागे, सिंधी समाज आहुजाच्या मागे, आणि बाकीचं शहर गणवेशाच्या प्रेमात. नऊ जणांच्या जूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटी निर्दोष ठरवला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहतांना तो कौल इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्यावरही १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. जन्मठेपेचा कैदी पुरी तीन वर्षंही तुरुंगात न काढता सुटला आणि १९६८ मध्ये बायकामुलांसह कॅनडाला गेला. जूरीची पद्धत मात्र नंतर हळूहळू आटत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

जूरी कोर्टातून गेली, पण थिएटरात बसून राहिली. सिनेमावाले प्रेक्षकाला जूरीच समजतात. आणि या जूरीला काय हवं असतं? तिला एक खलनायक हवा असतो, आणि तो शक्यतो उत्तर देऊ न शकणारा असला तर बरं. आहुजा पहिल्या दिवसापासून सोयीचा होता, कारण तो मेला होता. 'सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का' असं नानावटीने विचारलं आणि आहुजाने त्यावर निर्लज्ज उत्तर दिलं, हा प्रसंग रूपांतरांत रंगवला जातो. बंद दाराआड काय बोलणं झालं, हे सांगणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे आरोपी. त्याच्या तोंडचं वाक्य सिनेमात मयताच्या तोंडी जातं आणि आपण ते कानांनी ऐकलं असं समजून घरी जातो. 'रुस्तम'ने तर पुढची मजल मारली. तिथे मयत नुसता स्त्रीलंपट नाही, तो संरक्षण खात्यातल्या भ्रष्टाचारात हात असलेला माणूस आहे, आणि नायकाच्या गोळ्या देशाच्या कामी आलेल्या आहेत. परस्त्रीगमनाचा दोष पुरेना म्हणून देशद्रोहाचा जोडला. मेलेला माणूस आपल्या बदनामीबद्दल स्वतः खटला भरू शकत नाही, याचा इतका पुरेपूर फायदा क्वचितच कुणी घेतला असेल.

त्या सिनेमातली मयताची बहीण तर पाहण्यासारखी आहे: सिगारेट ओढणारी, कारस्थानी, सुडाने पेटलेली. खऱ्या प्रकरणात आहुजाची बहीण होती मामी. भावाच्या खुनाचा न्याय व्हावा म्हणून ती उभी राहिली आणि तिच्या बाजूने काम पाहणारे तरुण राम जेठमलानी याच खटल्यातून पुढे आले. १९६४ च्या माफीआधी मामीची संमती घेतली गेली आणि तिने ती दिली, हे जेठमलानींनीच नंतर सांगितलं आहे. माफीमागचं राजकारण वेगळं. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी देऊन दोन समाजांची फिट्टंफाट केली गेली. तरीही भावाच्या मारेकऱ्याला सुटू द्यायला कबूल झालेली बहीण या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठ्या मनाची ठरते. पडद्यावर मात्र तिलाच चेटकीण केलं.

आणि सिल्व्हिया? 'ये रास्ते हैं प्यार के'मध्ये नायिका शेवटी मरते. 'अचानक'मध्ये नायक मित्राबरोबर बायकोलाही ठार करतो आणि मग सगळा सिनेमा त्याच्या दुःखाने भरून जातो. खरी सिल्व्हिया जिवंत राहिली, साक्षीला उभी राहिली, नवऱ्याबरोबर नांदली, परदेशात म्हातारी झाली. इतका गुंतागुंतीचा शेवट वास्तवाने फुकट हातात ठेवला असताना तो या दोन्ही सिनेमांना परवडला नाही. बाईला मारल्याशिवाय हिशेब पुरा झाल्यासारखं वाटत नसावं. तिची आहुजाला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली होती. त्यांत तिची घालमेल आहे, तो इतर मुलींशी लग्नाच्या गोष्टी करतो म्हणून झालेला कोंडमारा आहे. घटस्फोट घ्यायचा आणि नवं घर मांडायचं, हा विचार तिच्या मनात होता. म्हणजे या प्रकरणाच्या पोटात एक न झालेला घटस्फोट आहे. महिनोन् महिने बोटीवर असलेला नवरा, बंदराच्या शहरात तीन मुलांना घेऊन राहणारी परदेशी मुलगी, आणि बाहेर पडायचा सरळ रस्ता दिसत नसलेलं लग्न. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय होती. हिंदू विवाह कायद्यात ती यायला १९७६ उजाडलं. नानावटींच्या पोर्टस्मथमध्ये झालेल्या लग्नाला काय लागू पडलं असतं हा वकिलांचा खल. मुद्दा असा की त्या काळी भल्या घरात घटस्फोट म्हणजे कलंक होता. सिनेमा मात्र आजही पत्रांपासून सुरू होत नाही. तो खुर्चीवरून उठलेल्या नवऱ्यापासून सुरू होतो.

नेमकी उलट बाजू पाहायची तर अमेरिकेतल्या सॅन दिएगोला जावं लागतं. बेटी ब्रॉडरिकने ५ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे आपल्या घटस्फोटित नवऱ्याला, डॅनला, आणि त्याच्या नव्या बायकोला, लिंडाला, झोपेत गोळ्या घातल्या. १९६९ मध्ये लग्न झालेलं. तो आधी डॉक्टर झाला, मग हार्वर्डला जाऊन वकील. त्या वर्षांत तिने नोकरी केली, संसार ओढला, चार मुलं वाढवली. तो नामांकित झाला आणि आपल्याच ऑफिसातल्या तरुण मुलीच्या प्रेमात पडला. १९८५ पासून पुढची चार वर्षं घटस्फोटाची लढाई. तो स्थानिक वकील संघटनेचा अध्यक्ष राहिलेला, कोर्टाची वाट त्याच्या पायाखालची. मुलांचा ताबा त्याच्याकडे गेला. ती फोनच्या यंत्रावर घाणेरडे निरोप ठेवायची, आणि तो प्रत्येक शिवीमागे शंभर डॉलर तिच्या महिन्याच्या पोटगीतून कापायचा. आवारात पाऊल टाकलं तर त्याचा वेगळा दर. तिने त्याच्या घराच्या दारावर मोटार घातली. पहिल्या खटल्यात जूरीचं एकमत होईना, दुसऱ्यात दुय्यम श्रेणीच्या खुनाचे दोन गुन्हे शाबीत झाले आणि किमान बत्तीस वर्षांची शिक्षा झाली. २०१० आणि २०१७ मध्ये तिला पॅरोल नाकारला गेला.

तिच्यावर १९९२ मध्ये टीव्हीचा चित्रपट आला, 'अ वुमन स्कॉर्न्ड'. झिडकारलेली बाई! नावातच निकाल लावून टाकला होता: बाई पिसाळली, तिने मारलं. २०२० च्या 'डर्टी जॉन'च्या दुसऱ्या पर्वाने गोष्ट पार मागे नेली, दोघांच्या तरुणपणापर्यंत, आणि तो शिव्यांचा दरपत्रकासारखा हिशेब दाखवला. माणसं तीच, गोळ्या त्याच, तारीख तीच. बघणाऱ्यांच्या मनातला दोष मात्र निम्मा तरी डॅनच्या पारड्यात सरकला. मी दुसऱ्या रूपाच्या बाजूने आहे, पण अर्ध्याच मनाने. वर्षानुवर्षांची गांजणूक दाखवणं हे खुनाचं स्पष्टीकरण आहे; प्रेक्षक त्याची माफी करून टाकतो आणि निर्मात्यांना ते ठाऊक असतं. शिवाय दोन्हीकडे अठ्ठावीस वर्षांची लिंडा कोल्कीना आहे ती फक्त 'दुसरी बाई' म्हणून. गोष्ट नवऱ्यापासून सुरू करा नाहीतर बायकोपासून, लिंडापासून ती कुणीच सुरू केलेली नाही. आहुजाचा टॉवेल आणि लिंडाचं तरुण वय यांत मला फारसा फरक दिसत नाही.

एक फरक मात्र दिसतो आणि तो बोचतो. नवऱ्याने मारलं तर त्याचे मधले तीन तास कापले जातात, म्हणजे तो भावनेच्या भरात ठरतो. बाईने मारलं तर तिची मधली चार वर्षं कापली जातात, म्हणजे ती वेडी ठरते. कात्री एकच, पण ती पुरुषाला वाचवते आणि बाईला बुडवते.

आपल्याकडे हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. तेंडुलकरांनी १९६७ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहिलं ते नानावटीवर नव्हे, पण दोष कसा चिकटवला जातो याचा मराठीतला सर्वांत नेमका अभ्यास तोच आहे. गावातल्या हॉलमध्ये हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि बघता बघता लीला बेणारे खरीच आरोपी होते. तिच्या अवस्थेत अर्धा वाटा असलेला प्रोफेसर दामले त्या दिवशी येतच नाही. गैरहजर पुरुषाचा उल्लेख होतो, न्याय हजर बाईचा होतो. नानावटीच्या सिनेमांत गैरहजर असतो तो मयत, आणि त्याच्यावर सगळं ढकलता येतं. बेणारेच्या खटल्यात गैरहजर असतो तो जबाबदार माणूस, आणि त्याच्यावर काहीच येत नाही. गैरहजेरीचा फायदा कुणाला द्यायचा हे खटला मांडणाऱ्याच्या मर्जीवर असतं. तेंडुलकरांनी ती मर्जीच नाटकाचा विषय केली. 'रुस्तम'च्या निर्मात्यांनी ती वापरली.

माझ्या जव्हार-मोखाड्याच्या भागात लोक हे सगळं एसटीत, टपरीवर, मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर बघतात. पण इथल्या लोकांना नाट्य काही सिनेमाने शिकवलेलं नाही. होळीनंतर, चैत्र-वैशाखात गावोगाव बोहाडा लागतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग येतं: गणपती, सरस्वती, मारुती, रावण, नरसिंह, वेताळ. कुणी मुखवटा दोन्ही हातांनी सावरत चार पावलं पुढे येतो, दोन मागे जातो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसलेली पोरं झोपेतून उठून टक लावतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते करणारी घरं आहेत. कुठलं सोंग कुणाच्या घरचं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. शेवटच्या पहाटे जगदंबा येते आणि म्हसोबाला, महिषासुराला मारते. कोण दोषी हा प्रश्न बोहाड्यात नाहीच, तो पुराणानेच सोडवून ठेवलाय. पण म्हैसासुराचं सोंग घेणारा माणूस कोण, हे सगळ्या गावाला माहीत असतं. उजाडलं की तो मुखवटा उतरवून घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्याला राक्षस म्हणत नाही. मुखवट्याचा दोष मुखवट्यापाशी राहतो.

'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावणाऱ्यांना दोन्हीकडून हवं असतं. खऱ्या माणसाच्या नावाची, गणवेशाची, टॉवेलची सगळी ओढ त्यांना लागते, आणि वर कल्पनेची मोकळीकही. कुणी बोट दाखवलं तर 'ही काल्पनिक कथा आहे' असं सुरुवातीला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच. ती अक्षरं वाचून होण्याआधी जातात, आहुजाचा चेहरा मात्र राहतो. कालेलकरांनी निदान कमांडर मराठी केला, घर बदललं, नाव बदललं; तो मुखवटा होता आणि प्रेक्षक तो मुखवटा म्हणूनच बघत होते. सच्चेपणाचा दावा जेवढा मोठा, तेवढं नोंदीला चिकटून राहण्याचं बंधन मोठं, हा नियम मराठी वेबमालिकावाल्यांनी मान्य करावा असं मला वाटतं. नाहीतर सरळ सोंग आणावं.

या भागातल्या मोडलेल्या लग्नांवर मात्र कुणी मालिका काढत नाही. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. १९५५ च्या त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तसं लिहून ठेवलेलं आहे. इथलं लग्न रीतीने लागतं आणि रीतीनेच मोडतं. पंच बसतात, दोन्हीकडची माणसं बसतात, देज, म्हणजे वधूमूल्य, किती दिलं होतं आणि परत किती द्यायचं याचा हिशेब होतो, आणि काडीमोड होते. शहरी माणसाला यात मागासलेपण दिसतं. एखाद्या अभ्यासकाला उलट फार सुंदर काहीतरी दिसतं. मला दोघांचंही पटत नाही. पंच बहुतेक पुरुष असतात. देज परत करण्याच्या हिशेबात बाईचा भाव ठरतो, आणि नको असलेली बाई 'भुताळी' ठरवली गेली तर तिचं काय होतं हेही या डोंगरांनी पाहिलंय. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच आला नाही. पण एक गोष्ट त्या बैठकीत असते आणि सिनेमात नसते: दोष वाटायला बसतात तेव्हा दोघंही जिवंत असतात आणि समोर असतात. 'तू हे केलंस' असं म्हटलं की 'आणि तू ते केलंस' असं उत्तर येतं. भांडण कुठून सुरू झालं यावरच अर्धी रात्र जाते. भाताच्या कापणीपासून? वीटभट्टीवर गेलो तेव्हापासून? की त्याच्याही आधी, त्याच्या आईने पहिल्या पावसात बोललेल्या शब्दापासून? गोष्टीची सुरुवात हाच वादाचा विषय असतो, आणि तो वाद उघड होतो.

तो वाद झाला नाही, किंवा झाला आणि कुणी ऐकला नाही, की मग बातमी येते. ती सगळ्या महाराष्ट्रात एकाच साच्यातली असते: 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. सिनेमाला दोन तास लागतात, तालुक्याच्या बातमीला चार शब्द पुरतात. पहिलाच शब्द मेलेल्या बाईच्या चारित्र्याचा. संशय कुणाला होता, त्याला आधार काय होता, याचा पत्ता नाही. बहुतेक वेळा तो आरोपीनेच पोलिसांना सांगितलेला असतो आणि बातमीत तो कारण म्हणून छापला जातो. बंद दाराआडचं आहुजाचं उत्तर जसं नानावटीच्या तोंडून आलं आणि सत्य होऊन बसलं, तसंच हे. इथे करंजिया नाही, जूरी नाही, राज्यपाल नाही. फक्त एक मथळा. गोष्ट मात्र त्याच जागेपासून सुरू होते: नवऱ्याच्या दुखावलेल्या मनापासून.

कायदाही या जागेवरून फार हललेला नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ बायकोला नवऱ्याची मालमत्ता समजत होतं. ते यशवंत चंद्रचूडांनी १९८५ मध्ये वैध ठरवलं आणि त्यांच्या मुलाचा, धनंजय चंद्रचूडांचा, समावेश असलेल्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. बापलेकांच्या मधली ती तेहेतीस वर्षं देशाला लागली. पण प्रक्षोभाचा अपवाद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये जसाच्या तसा आला आहे. त्यामुळे 'मधल्या वेळात आरोपी काय करत होता' हा १९६१ चा प्रश्न उद्याही पालघरच्या कोर्टात विचारला जाईल.

तो प्रश्न आपल्या तालुक्यांच्या वार्ताहरांनी आधी विचारावा. खुनाची बातमी लिहिताना आरोपीने सांगितलेलं कारण मथळ्यात घालू नका. त्याऐवजी एवढंच शोधा: ती बाई पोलीस ठाण्यात, पंचांकडे किंवा माहेरी पहिल्यांदा कधी गेली होती, आणि तिला परत कुणी धाडलं. ती तारीख मिळाली तर बातमीची पहिली ओळ तिच्यापासून लिहा.